माळावरचे नवरदेव

एप्रिलच्या रणरणत्या दुपारी बुद्धप्रिया मॅडम मुरमावर पालथ्या पडलेल्या दिसल्या आणि सिद्धाप्पाच्या काळजाचा ठोकाच चुकला. सोलापूरचं ऊन ते, मस्करी नव्हे. "ऊन लागलं की बाईला!" असं ओरडत तो पाण्याचा कॅन घेऊन धावत सुटला आणि मागचापुढचा काही विचार न करता अर्धा कॅन त्यांच्या डोक्यावर ओतून मोकळा झाला.

मॅडम किंचाळून उठल्या. ओढणीनं आधी कॅमेरा पुसला, मग चष्मा, मग चेहरा.

"अहो मामा, काय केलंत हे! गेला ना तो!"

"कोन गेला?"

"सरडा! अर्धा तास झाला, हळूहळू सरकत इथपर्यंत आले होते मी."

सिद्धाप्पाच्या तोंडाचा आ वासला तो वासलाच. "सरड्यापायी असं मढ्यावानी पडतंय व्हय कुनी? माझं काळीज हातात आलं की म्याडम."

मग मॅडमनाच हसू फुटलं. केसांतून पाणी ठिबकतंय, कुडत्याला लाल माती लागलीय आणि बाई खो खो हसतेय. सिद्धाप्पाला वाटलं, ऊन लागलंच असणार.

हे कॉलेज गावाबाहेर, अक्कलकोटच्या वाटेवर. पूर्वी इथं नुसता माळ होता. सिद्धाप्पाचा बाप याच माळावर मेंढरं चारायचा आणि पोरवयातला सिद्धाप्पा मेंढरांमागं काठी घेऊन फिरायचा. कॉलेज आलं, तारेचं कुंपण पडलं, मेंढरं बाहेर राहिली आणि सिद्धाप्पा माळी म्हणून आत आला. तेव्हापासून त्यानं या माळाला झाडं लावायचा जो सपाटा लावला, तो आजतागायत. कडुलिंब, करंज, गुलमोहर, रेन ट्री. पाइप नव्हता तेव्हा डोक्यावर घागरी वाहिल्या. आता फाटकातून आत शिरलं की थेट सावलीत यावं, अशी त्याची करामत. "सिद्धाप्पामामांच्या हाताला गुण आहे, वाळकी काठी रोवली तरी पाला फुटतो," असं प्राध्यापक मंडळी पाहुण्यांना सांगायची, तेव्हा तो शेजारच्या झाडाचं आळं उगाच नीट करत बसायचा. कान मात्र तिकडंच.

एक कोपरा तेवढा हट्टाला पेटलेला होता. मागच्या भिंतीलगतचा, दोन-अडीच एकरांचा. खाली खडक, वर वीतभर मुरूम, कुसळीचं गवत आणि धोंडे. तिथं दर पावसाळ्यात तो रोपं लावायचा आणि दर उन्हाळ्यात ती वाळून जायची. पोरं त्या कोपऱ्याला 'सिद्धाप्पाचं टक्कल' म्हणायची. समोर कुणी म्हटलं तर तो हसायचा, पण ते त्याला लागायचं. लई लागायचं.

आणि आता जूनअखेर तो निवृत्त होणार होता. प्राचार्य बिभीषण मान्यांचा त्याच्यावर फार जीव. त्यांनी ठरवलं होतं की मामांना नुसती शाल आणि नारळ देऊन वाटेला लावायचं नाही. त्या टकलावर जेसीबीनं खड्डे घ्यायचे, टिपरनं काळी माती आणायची, ठिबक टाकायचं आणि दाट झाडी उभी करायची. नाव द्यायचं 'सिद्धाप्पा वन'. कमानीवर मोठ्या अक्षरांत. मेंढक्याच्या पोराचं नाव कॉलेजच्या कमानीवर! सिद्धाप्पानं घरी ही बातमी सांगितली, तेव्हा त्याच्या बायकोनं, गोजाबाईनं, अख्ख्या गल्लीत साखर वाटली होती.

बुद्धप्रिया मॅडम ओल्या डोक्यानं ज्या जागी बसल्या होत्या, ती जागा म्हणजे हेच टक्कल.

मॅडम शहरातल्याच. प्राणिशास्त्र शिकवायच्या, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पगार आणि सुट्टी लागली की हरी हरी. माळावरच्या बारक्या सरड्यांवर त्यांची पीएच.डी. चालली होती. सिद्धाप्पाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "सरड्यात शिकन्यासारकं काय असतंय वो? सरडा म्हंजी सरडा."

"असं? मग बसा इथं. आणि कृपा करून आंघोळ घालू नका."

तो बसला. कॉलेजला सुट्टी होती, झाडांना पाणी घालून झालं होतं आणि खरं सांगायचं तर बाई नेमकं काय बघते, याची त्याला मनातून उत्सुकता लागली होती. दहाएक मिनिटं काहीच घडलं नाही. मग समोरच्या धोंड्यावर मातीच्याच रंगाचा एक बोटभर प्राणी चढला. पुढच्या पायांवर उंच झाला, मान ताठ केली आणि गळ्याखालची घडी फटकन उलगडली. निळी, मग काळी, मग लालबुंद. मिटली. पुन्हा उलगडली.

"आगं यव्वा!" सिद्धाप्पा कुजबुजला. "नवरदेव!"

"काय म्हणालात?"

"आमी ल्हानपनी ह्याला नवरदेव म्हनायचो. नटूनथटून धोंड्यावर बसतंय म्हनून. किती वर्सं झाली बघितला न्हवता! मला वाटलं, सपला."

मॅडमनी हा शब्द लगेच टिपून घेतला. काठीच्या टोकाला दोऱ्याचा सैल फास होता. तो त्यांनी अलगद त्याच्या मानेत सरकवला, उचलला आणि तळहातावर घेऊन उलटा केला.

"मागच्या पायाची बोटं मोजा."

सिद्धाप्पानं डोळे बारीक केले. "चार."

"झाडावरच्या सरड्याला पाच असतात. तुमच्या करंजावर मान हलवत बसतो ना, त्याला. हा वेगळा. हा झाडावर राहणारा नाहीच."

तिथून सिद्धाप्पाला नादच लागला म्हणा. सकाळची कामं उरकली की तो टकलावर हजर. एके दिवशी त्यानं मोठ्या ऐटीत सांगितलं, "म्याडम, सापसुरळी धरून दावू का? लई हायत हितं." दाखवली तर मॅडम म्हणाल्या, सापसुरळी कशी गुळगुळीत, तेल चोपडल्यासारखी असते. ही सापसुरळी नव्हे, हा सरडाच. बघा, अंगावर खवले खरखरीत, पाठीवर पट्टे. आणि डोळा बघा. सिद्धाप्पानं डोळा बघितला. तोही त्याच्याकडं बघत राहिला, पापणी काही लवेना.

"झाकत का न्हाई वो हे?"

"झाकताच येत नाही. सापासारखं डोळ्यावर पारदर्शक झाकण असतं. आपण चष्मा घालून जन्माला आलो असतो तर कसं, तसं."

"धुरळा गेला तर?"

"तुम्हीच सांगा काय करत असेल."

दोन दिवस तो त्याच्यावर पाळत ठेवून बसला. तिसऱ्या दिवशी धावत आला. "जिभेनं पुसतंय म्याडम! जिभेनं! म्या डोळ्यांनी बघितलं!" मॅडमनाही एवढा आनंद झाला की दोघं त्या उन्हात पोरांसारखी टाळ्या पिटत उभी राहिली. लांबून बघणाऱ्या वॉचमननं कपाळावर हात मारून घेतला.

मग एक वाद पेटला. नवरदेवांमध्ये एक बारका होता. गळ्याचा पंखा पांढुरका, मधे एवढीशी निळी रेघ. सिद्धाप्पाचं ठाम मत, हे मोठ्याचं पोर. वयात आलं की रंग भरणार. मॅडम म्हणाल्या, नाही मामा, ही वेगळी जात. शास्त्रज्ञसुद्धा कितीतरी वर्षं दोघांना एकाच घरात धरत होते. मग कुणीतरी मापं घेतली, रक्त तपासलं, तेव्हा कळलं की ही दोन निराळी घराणी आहेत.

"शास्त्रज्ञ चुकलं व्हय?"

"सगळेच चुकतात. सारखं सारखं बघावं लागतं."

सिद्धाप्पा मानायला तयार नाही. शेवटी मॅडमनी बारक्याची मादी धरून दाखवली. पोट टम्म फुगलेलं, आत अंडी हाताला लागत होती. "पोराला पोरं होतात का मामा?" सिद्धाप्पानं हात जोडले. "हारलो. दोन भावकी हायत. एका माळावर राहून सोयरीक न्हाई करत म्हना की."

त्या संध्याकाळी पाइप गुंडाळता गुंडाळता त्यानं सहज विचारलं. अगदी सहज.

"पन म्याडम, हे हितंच का? ल्हानपनी सगळ्या माळावर असायचे. कँटीनपाशी, लायब्ररीपाशी, कुटंबी बघा. आता हिकडं झाडीत एकबी दिसत न्हाई."

मॅडम चष्मा काढून पुसत बसल्या.

"बोला की."

"त्यांना ऊन लागतं मामा. उघडा माळ, धोंडे, आखूड गवत. सावलीत धोंडा तापत नाही, पंखा दिसत नाही, मादी येत नाही. सावली झाली की ते जातात."

"कुटं जात्यात?"

"भिंतीपलीकडं प्लॉट पडलेत. कुठं जाणार?"

सिद्धाप्पाच्या हातातला पाइप तसाच राहिला. "म्हंजी म्या घालवले."

"तसं नाही मामा. पोरं तुमच्या सावलीत डबा खातात. कुणी काही वाईट..."

"आनि टकलावर वन झालं की हितलेबी जानार. आसंच ना?"

मॅडमनी मान खाली घातली. इथं वन करू नका, असा अर्ज त्यांनी प्राचार्यांकडं केला होता, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. प्राचार्य म्हणाले होते, "अहो, मामांच्या आयुष्यातला हा सन्मान आहे. तुम्ही तासिकेवरच्या, उगाच यात पडू नका."

सिद्धाप्पाच्या डोक्यात तिडीक गेली. हयात गेली माझी पाणी वाहण्यात, आणि काल आलेली पोरगी मला सांगते! तो ताडकन निघून गेला. त्यानंतर आठवडाभर मॅडम दिसल्या की तो वाट बदलायचा. घरी गोजाबाईनं विचारलं, "काय झालंय तुमास्नी? वनाचं काम कवा सुरू व्हनार?" तर तिच्यावरही खेकसला. करंजाखाली उभा राहून तो वर बघायचा. हिरवंगार झाड. त्याला ते प्रिय होतं. बेइमानी कशी करणार? आणि तरी बुडाशी बघताना त्याला तिथला जुना धोंडा आठवायचा, ज्यावर बसून त्यानं बापाच्या फडक्यातली भाकर खाल्ली होती आणि समोर नवरदेव नाचत होता. मेला राग, तो जाईना. पण बघायची खोड लागली होती, तीही सुटेना. रविवारी कुणी नसताना तो गुपचूप टकलावर गेला आणि धोंड्याआड बसून राहिला. मोठ्या नवरदेवानं पंखा उघडला. बारक्यानं पलीकडच्या धोंड्यावर उघडला. दोघांनी एकमेकांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. सिद्धाप्पाला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदमच.

जूनच्या सुरुवातीला जेसीबी आला. मागून काळ्या मातीचे टिपर. कमान अजून यायची होती, पण तिचं चित्र प्राचार्यांनी मोबाइलवर सगळ्यांना दाखवलं. सगळा स्टाफ जमला. मॅडम अगदी मागं उभ्या होत्या. जेसीबीवरच्या गुरु नावाच्या पोरानं नारळ फुटायचीही वाट न बघता दोन खड्डे घेतले, तेव्हा प्राचार्य ओरडले, "अरे थांब की! आधी मामांच्या हातनं नारळ!"

नारळ सिद्धाप्पाच्या हातात आला. समोर धोंडा. तो वाकला आणि तसाच थांबला.

"सर, नको."

"काय नको?"

"वन नको. माझ्या नावानं तर नकोच."

प्राचार्य हसले. त्यांना वाटलं, मामा लाजले. "अहो, कमवलंय तुम्ही ते नाव! बरं, तुमचं नको तर संस्थापकांचं देऊ. वन मात्र होणारच. पाहुण्यांना बोलावलंय मी."

सिद्धाप्पाला वाटलं होतं, आपण नाही म्हटलं की मिटलं. नाव गेलं तरी वन होणारच होतं. सरड्याचं नाव काढावं तर मॅडमचं काय होईल, हे तो जाणून होता. लोक म्हणतील, हिनंच म्हाताऱ्याचे कान भरले. त्यानं मागं बघितलं नाही. नारळ खाली ठेवला.

"सर, झाडं जगायची न्हाईत हितं."

"काळी माती आणलीय की!"

"माती वर ऱ्हातीय. खाली अखंड खडक. दोन उन्हाळे तग धरतील, मुळी खडकाला टेकली की उभी वाळतील. पाव्हन्यास्नी काय, वाळक्या काड्या दावनार व्हय? म्या इतकी वर्सं हितं पानी घातलंय. मला जमलं न्हाई, सर. सगळ्यांम्होरं सांगतो, मला न्हाई जमलं, आनि कुनालाबी जमायचं न्हाई."

सगळं खोटं होतं. एवढी काळी माती, ठिबक आणि त्याचे हात असते तर त्या टकलावर त्यानं जंगल उभं केलं असतं, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण झाडांच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे या कॉलेजात शेवटचा शब्द. वाळकी काठी फुलवणारा माणूस नाही म्हणतो, तर आता कोण हो म्हणणार?

प्राचार्यांचा चेहरा पडला. "आधी सांगायचं नाही का मामा? आणि दरवर्षी तुम्हीच म्हणायचात, पुढच्या साली हिरवं करून दाखवतो!"

"म्हनायचो. उगंच म्हनायचो."

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. काळी माती मुलींच्या होस्टेलपुढं टाकायचं ठरलं. गुरुनं जेसीबी वळवला. गर्दी पांगली, तेव्हा बुद्धप्रिया मॅडम जवळ आल्या. सिद्धाप्पाच आधी म्हणाला, "गप ऱ्हावा. नोकरी सांभाळा. आनि बघत जावा हितं अधूनमधून."

निवृत्तीचा कार्यक्रम चांगला झाला. गोजाबाई नवं इरकली लुगडं नेसून पहिल्या रांगेत. शाल, नारळ, भाषणं. प्राचार्य मनापासून बोलले, डोळे पुसले, आणि शेवटी गमतीनं म्हणाले, "एवढा परिसर मामांनी हिरवा केला, पण एक टक्कल मात्र मामांनाही जमलं नाही बरं का!" हॉल खदखदून हसला. सिद्धाप्पानं हसऱ्या तोंडानं हात जोडले. गोजाबाई हसली नाही.

बाहेर पडल्यावर तिनं तोंड सोडलं. "जमलं न्हाई म्हनं! शंभर मानसांत हसं करून घेतलंसा! घरापुढच्या पत्र्याच्या डब्यात लिंब वाढीवनारा मानूस तुमी. काय न जमायला झालंय? मला खरं सांगा."

"चल, दावतो."

"काय दावताय? कुसळं?"

तरी गेली. टकलावर ऊन तिरपं झालं होतं. दोघं एका धोंड्याला टेकून बसली. शाल त्यानं तिच्याखाली अंथरली. त्यानं सगळं सांगितलं, नवरदेवांपासून खोट्यापर्यंत. ती ऐकत होती, पण तिचा राग काही निवेना. "सरड्यापायी नाव घालवलंसा," एवढंच म्हणाली. नवरदेव एकही आला नाही. नेमका आजच आला नाही.

जेसीबीनं काढलेला मुरूम खड्ड्याशेजारी तसाच पडला होता. त्यावर काहीतरी हललं. गोजाबाईनंच आधी पाहिलं.

"ते काय वो?"

बिनरंगाची, मातकट, पोट फुगलेली मादी. गळ्याला पंखा नाही, काही नाही. ती पुढच्या पायांनी भराभरा मुरूम उकरत होती. उकरायची, थांबून इकडंतिकडं बघायची, पुन्हा उकरायची. मग भोकात पाठमोरी बसली आणि हलेचना. गोजाबाईनं पदर तोंडाशी धरला. चार बाळंतपणं झालेली बाई, तिला सांगावं लागलं नाही.

"एकलीच हाय की ओ."

"एकलीच असती."

अंडी घालून झाल्यावर मादीनं मुरूम परत आत लोटला, थोडाथोडा, आणि दर वेळी डोक्यानं ठोकून ठोकून बसवला. दमली की टेकायची. सावली धोंड्यापासून पार खड्ड्यापर्यंत आली, तरी तिचं चालूच होतं. शेवटी तिनं वरून दोन-चार खडे ओढले आणि गवतात निघून गेली.

गोजाबाई उठून जवळ गेली, वाकून पाहिलं. मुरूम होता तसा. कुठं उकरलं, कुठं झाकलं, काही म्हणता काही कळत नव्हतं.

"कुटं हाय वो ते? काईच दिसंना."

"हाय तितंच," सिद्धाप्पा म्हणाला. "लांबून ये. पाय नको पडू दिऊस."

गोजाबाईनं लुगड्याचा घोळ वर धरला आणि ती जपून, वळसा घालून आली.